पानातील धान्याचा वाटा

लंडन शहरात राजघराण्यातील अंत्ययात्रांचा बंदोबस्त करण्याचा मान ज्यांच्या घराण्याच्या पेढीकडे चालत आला होता, ते विल्यम बँटिंग हे गृहस्थ 1862 सालच्या ऑगस्ट महिन्यात, ऐकू कमी येते अशी तक्रार घेऊन डॉ. विल्यम हार्वी या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेले. वय साठीच्या पुढे, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो. वाकून बुटाचे बंद बांधणे त्यांना अशक्य झाले होते, आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना ते सावकाश, पाठमोरे उतरत असत. नौका वल्हविणे, घोड्यावरून रपेट करणे, तुर्की पद्धतीची स्नाने घेणे, हे सारे उपाय करून ते थकले होते. पॅरिस येथे क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाची यकृत आणि शर्करा यांविषयीची व्याख्याने ऐकून आलेल्या हार्वींनी त्यांच्या व्यथेचे मूळ मेदवृद्धीत पाहिले, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे यांस मनाई करून मुख्यतः मांस, मासे आणि भाज्या यांवर निर्वाह करण्यास सांगितले. वर्षभराच्या मुदतीत बँटिंगांचे वजन 46 पौंडांनी उतरले, आणि या अनुभवाची कैफियत त्यांनी 1863 साली स्वखर्चाने छापून लोकांपुढे मांडली. पुढे ते 81 वर्षांचे होऊन वारले.

आज ‘लो-कार्ब’ अथवा ‘कीटो’ या नावांनी जो आहार आपल्या शहरांतील व्यायामशाळांपासून मधुमेहींच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचला आहे, त्याचा पहिला लोकविश्रुत दाखला हाच होय. त्यात तथ्य आहे याविषयी मला शंका नाही. परंतु ते तथ्य किती, कोणासाठी आणि किती काळासाठी, हे पाहिल्यावाचून त्याचा अंगीकार करणे धोक्याचे आहे, असे मात्र मला मनापासून वाटते.

भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा यांतील कर्बोदकांचे पचनानंतर ग्लुकोज बनते, आणि त्यातील काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने शरीरात साठतो: यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो; ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. धान्य सोडताच प्रथम हा साठा खर्ची पडतो आणि त्याच्याबरोबरचे पाणी मूत्रावाटे निघून जाते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात काटा एक-दोन किलोंनी खाली आलेला पाहून ज्याला हर्ष होतो, त्याने हे जाणून असावे की उतरले ते बहुतांशी पाणी आहे, चरबी नव्हे. खरे परिवर्तन त्यानंतर सुरू होते. रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण घटते, साठलेल्या मेदाचे विघटन वाढते, आणि कर्बोदके अत्यल्प, म्हणजे दिवसाकाठी 50 ग्रॅमहून कमी असल्यास, यकृत त्या मेदापासून केटोन नावाची द्रव्ये निर्माण करते, ज्यांवर मेंदूचेही बरेचसे काम निभावते. या संक्रमणाच्या दिवसांत डोकेदुखी, थकवा, मळमळ आणि मलावरोध यांचा त्रास पुष्कळांना होतो.

इन्सुलिनचा शोध 1921 साली टोरांटो येथे लागला. तोपर्यंत मधुमेह्याला जगविण्याचा आहारनियंत्रण हाच काय तो उपाय वैद्यांच्या हाती होता. 1870 साली प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील शर्करा कमी झाल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्याने नोंदविले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी 1921 सालीच अपस्मारावर केटोनजनक आहाराची योजना सुचविली, आणि औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारावर ती आजही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरली जाते.

वजनाच्या बाबतीत अलीकडच्या प्रयोगांचा निकाल उत्साही प्रचारकांना वाटतो तितका एकतर्फी नाही. इस्राएलमध्ये 322 व्यक्तींवर दोन वर्षे चाललेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्प-कर्बोदक आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी 4.7 किलोंनी, तर अल्प-स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे 2.9 किलोंनी घटले. उलट, 2018 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 व्यक्तींवर वर्षभर केलेल्या प्रयोगात ही घट अनुक्रमे 6 आणि 5.3 किलो, म्हणजे जवळजवळ सारखीच भरली. पहिल्या सहा महिन्यांत दिसणारी तफावत वर्षअखेर बहुधा पुसट होते, कारण पथ्य तितक्या कसोशीने पाळले जात नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तशर्करा उतरते, ट्रायग्लिसराइड कमी होतात, हितकर कोलेस्टेरॉल वाढते. हा लाभ मोठा आहे, मात्र तोही कालांतराने ओसरू लागतो. आणि ज्यांनी धान्याच्या जागी लोणी, तूप, मलई आणि तांबडे मांस यांची भरती केली, त्यांपैकी काहींचे अपायकारक कोलेस्टेरॉल चिंताजनक रीतीने चढते.

प्रश्न आहे तो या बदलीचा. अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे पंचवीस वर्षे मागोवा घेऊन 2018 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उष्मांकांपैकी 50 ते 55 टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण सर्वांत कमी आढळले. धान्य घटवून मांसाहार वाढविणाऱ्यांचे ते अधिक, तर डाळी, कठीण कवचाची फळे व भाज्या वाढविणाऱ्यांचे कमी होते. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, पण दिशा कळते.

आपल्या लोकांची प्रकृती याही बाबतीत वेगळा विचार मागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांनी 2004 साली स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले: उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, परंतु यडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसण्यात सडपातळ आणि आतून मेदस्वी अशी ही भारतीय देहयष्टी अल्प वजनावरही मधुमेहाला बळी पडते. आणि आपल्या देशात सरासरी 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतूनच येतात. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि भात, सोबत बटाट्याची भाजी, चहाबरोबर बिस्किटे, आणि उपवासाच्या दिवशी तर साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतील अठरा हजार प्रौढांच्या आहाराचा हिशेब मांडून 2022 साली संशोधकांनी जी शिफारस केली, ती धान्य हद्दपार करण्याची नव्हती. कर्बोदके 50 ते 55 टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने 20 टक्क्यांपर्यंत न्यावीत, एवढीच होती.

शाकाहारी घरात याहून कठोर पथ्य निभावणे अवघडच, कारण ज्या तूरडाळीला आपण प्रथिनांचा आधार मानतो तिच्यातही निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच, प्रथिने सुमारे 22 टक्के. तरीही डाळीतील कर्बोदके सावकाश पचतात, तंतूंसह येतात. तेव्हा भाताची एक वाढ कमी करून मोड आलेल्या मटकीची उसळ, दही, पालेभाजी, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी, चालत असल्यास अंडे, आणि कोकण-गोव्याच्या किनारी बांगडा किंवा तारली, असा पालट पुष्कळांच्या आवाक्यातील आहे. पुष्कळांच्या, सर्वांच्या नव्हे: दिवसभर उन्हात राबणाऱ्या मजुराला ज्वारी आणि तांदूळ यांहून स्वस्त ऊर्जा मिळत नाही, आणि त्याला धान्य सोडण्याचा उपदेश करणे हा मला अन्याय वाटतो.

गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून असा आहार घेऊ नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असताना धान्य एकाएकी तोडल्यास तीच मात्रा जास्त ठरून रक्तशर्करा धोकादायक रीतीने कोसळते. म्हणून आहाराच्या आधी औषधाची मात्रा ठरवून घ्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांचा धोका निराळा: त्यांच्या रक्तात केटोनांचा अतिरेक होऊन आम्लता वाढू शकते, आणि त्या वेळी साखर बहुधा फार चढलेली दिसत नाही. अशा रुग्णाला ओकाऱ्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली, तर घरच्या यंत्रावरील साखरेचा आकडा पाहून निश्चिंत न राहता त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.