घरकुल मिळालं, लेकरू कुणापाशी?

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला दिवस पहाटे चारला सुरू होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. अशा हजार पुड्यांचं एक प्रमाणित पोतं. वर्षातली मोठी रोख कमाई हीच, म्हणून घरातली हात चालणारी सगळी माणसं जंगलात असतात. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायची असतात, तीही पहाटेच, कारण गुरं आणि रानजनावरं फुलांवर आधी पोचतात. पुढे जुलै-ऑगस्टात धानाचा रोवणा. तेव्हा बाई सकाळी बांधीत उतरते ती दिवस मावळताना वर येते.

या तिन्ही हंगामांत दीड-दोन वर्षांचं लेकरू कुणापाशी असतं? गावात कुणालाही विचारा, उत्तरं तीन-चारच मिळतात. आईच्या पाठीला लुगड्यात बांधलेलं. म्हाताऱ्या आजीपाशी. आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या काखेत, म्हणजे त्या बहिणीची शाळा बुडालेली. आणि कधी कधी कुणापाशीच नाही. गावाला हे पाठ आहे. सरकारी कागदावर मात्र यासाठी रकाना नाही.

घराचे रकाने भरपूर आहेत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून चालू आहे. त्याआधीच्या इंदिरा आवासातलं २० चौरस मीटरचं घर या योजनेत २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं झालं, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ, दुर्गम किंवा गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. शिवाय स्वतःच्याच घराच्या बांधकामावर राबल्याबद्दल रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी. आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास आहे. पाया, भिंत, छत, प्रत्येक टप्प्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे व्हावं असा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. पण जिच्या नावावर घर, तिचं मूल ती कामावर गेल्यावर कुठे असेल, हे घरकुलाच्या कुठल्याच टप्प्यावर विचारलं जात नाही.

उलट घरकुलाने एक जुनी सोय नकळत काढूनच घेतली. घरकुलाची यादी कुटुंबावर चालते आणि जनगणनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे वेगळी चूल. यादीत नाव लागायचं तर लग्न झालेल्या मुलाने वेगळी चूल दाखवणं सोयीचं ठरतं. मग घरही वेगळ्या तुकड्यावर, कधी गावाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहतं. मातीच्या जुन्या घराला ओसरी होती. तिथे झोळी टांगलेली असे आणि सुपात धान पाखडणारी म्हातारी पायाने झोळीला झोका देई. २६९ चौरस फुटांत ओसरी बसवायची म्हटलं तर खोली जाते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर सरकतो, तेव्हा पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या त्या खोलीत लेकरू दुपारी झोपवणंही कठीण. जुनी घरं चांगली होती असं मला म्हणायचं नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या कुडाच्या घरात राहून बघावं म्हणजे असलं हळहळणं थांबतं. पण सरकार घर बांधून देतं तेव्हा त्या घरातली सांभाळणारी माणसं मोजत नाही, एवढं खरं.

यावर अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, अंगणवाडी आहे ना! आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पन्नास वर्षांत ती खेडोपाडी पोचली. जंगलातल्या सेविकांनी केलेलं काम मोठं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळू लागलं, पुढल्या वर्षी मुलांना अंडी-केळी मिळू लागली. पण अंगणवाडीची वेळ बघा. ती उघडते आई निघून गेल्यावर आणि रोवण्याच्या दिवसांत आई परतण्याच्या कितीतरी आधी बंद होते. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे बसतात, गाणी म्हणतात, खाऊ खातात. तीन वर्षांखालच्या लेकराच्या वाट्याला घरी न्यायचं आहाराचं पाकीट येतं. पाकीट घरी पोचतं, पण ते शिजवून, गार करून, दिवसातून चार-पाच वेळा घास-घास भरवणारं माणूस पाकिटातून येत नाही. सहा महिन्यांच्या पुढचं मूल एका बैठकीत फार खाऊ शकत नाही, पोटच एवढंसं. नऊ वर्षांच्या बहिणीने ते काम नीट करावं ही अपेक्षा क्रूर आहे. कुपोषणाची घसरण बहुतेक याच सहा महिने ते दोन वर्षांच्या टप्प्यात होते आणि आपण मात्र चर्चा करत बसतो पाकिटातल्या पिठाच्या दर्जाची.

आता याच्या शेजारी आश्रमशाळा ठेवून बघा. मूल सहा वर्षांचं झालं की सरकार त्याला शाळेचं वर्ष संपेपर्यंत चोवीस तास सांभाळायला तयार असतं. राहणं, जेवण, अंथरूण-पांघरूण सगळं. तीन ते सहा वर्षांपर्यंत दिवसाचे काही तास. तीनच्या आत शून्य. ज्या वयात मूल सर्वांत परावलंबी, त्या वयात राज्याची जबाबदारी सर्वांत कमी! २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनेही हेच केलं. सहा ते चौदा वर्षांसाठी शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्या मुलांना अनुच्छेद ४५ मध्ये, राज्याने 'प्रयत्न करावा' अशा सदरात बसवलं.

इतकी लहान मुलं सांभाळण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, आणि लाज वाटावी ती याचीच. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या, म्हणजे आमच्या विदर्भाच्याही असलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. त्या दोघींच्या लक्षात आलं होतं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या काखेत धाकटं भावंड असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' त्यांनी उभी केली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. पुढे देशाने अंगणवाडी उचलली, तिचं नावही उचललं. पाळणा मात्र कोसबाडलाच राहिला.

कायद्यात पाळणाघर नाही असं नाही. पण ते कुणासाठी आहे ते वाचायला हवं. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर होतं. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यातही तसंच. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात आकडा पन्नासच्या वर होता. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत पन्नास कर्मचाऱ्यांची अट होती. जंगलात पान तोडणारी, मूल-सिंदेवाहीकडच्या बांधीत राबणारी, राइस मिलमध्ये आठ-दहा जणींबरोबर काम करणारी बाई यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नव्हती. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने आकडा खाली आणला होता. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका मजूर बाईने ती सांभाळायची आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. चांगली तरतूद. पण घरकुलाच्या कामाची जागा म्हणजे तुमचंच घर. तिथे पाच मुलं येणार कुठून? म्हणजे सरकारी घर बांधण्याची सरकारी मजुरी घेणाऱ्या बाईलाच ही तरतूद लागू पडत नव्हती. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत मूल पडलं, इतकंच.

चंद्रपूरकडे वळलं की घराची जात बदलते. वरोऱ्याला १८७१ मध्ये कोळशाची खाण सुरू झाली, १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, आली. बल्लारपूर, माजरी, घुग्घुस, दुर्गापूर, सास्ती इथल्या वसाहतींतले क्वॉर्टर म्हणजे या जिल्ह्यातली मोठी सरकारी घरं. खाण कायद्यात पाळणाघर १९५२ पासून होतं, त्याचे नियम १९६६ चे. पण अट अशी होती की त्या खाणीत बायका कामाला असाव्यात. खाणीत उतरणारे बहुतेक पुरुष. क्वॉर्टरमध्ये राहणारी त्यांची बायको शिकवणी घेते, शिवणकाम करते, दुकानात जाते. तिच्या मुलाचा खाणीच्या पाळणाघराशी संबंध नाही. वसाहतीच्या कुंपणालगत झोपडीत राहणाऱ्या कंत्राटी मजुराच्या मुलाचा तर मुळीच नाही.

याच भागातल्या महाऔष्णिक केंद्राची ऊर्जानगर वसाहत आणि तिला लागून असलेलं दुर्गापूर २०२२ साली वर्तमानपत्रांत गाजलं. वाघ आणि बिबट्या वस्तीत शिरले आणि बिबट्याच्या हल्ल्यात लहान मूलही दगावलं. तेव्हा पिंजरे लागले, झुडपं तोडली, दिवे लावायच्या मागण्या झाल्या, सगळं रास्तच. पण संध्याकाळी आई-बाप कामावर असताना मुलं दारात, रस्त्यावर, झुडपांच्या कडेला का असतात, हा प्रश्न वनखात्याचा नव्हता आणि तो कुणीच आपला मानला नाही. ब्रह्मपुरी पट्ट्यात, ताडोबाच्या बफर क्षेत्रात मोह वेचायला जाणारी बाई लेकराला पाठीवर घेऊन वाकते तेव्हाही प्रश्न हाच असतो.

अंगणवाडी मिळण्याचा आकडाही जंगलाला धरून नाही. आदिवासी भागात साधारण ३०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, १५० ला मिनी. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं की वस्तीत सहाखालची ४० मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. भामरागड-एटापल्लीकडच्या पंधरा-वीस घरांच्या टोल्यात ४० मुलं नसतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं, मग टोल्यांचं काय सांगावं! म्हणून १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम-जनमन योजना मला महत्त्वाची वाटते. माडिया गोंड आणि जिवती-कोरपन्याकडचे कोलाम तिच्यात येतात. दोन लाखांचं घरकुल आणि नवी अंगणवाडी या दोन्ही गोष्टी तिने एका योजनेत आणल्या, देशभरात २,५०० अंगणवाड्या धरल्या. कागद तरी एक झाला. त्यात तीनखालच्या मुलांचे तास अजून आलेले नाहीत.

ते कसे आणायचे याचं उत्तर फार लांब नाही. गडचिरोलीची पूर्वेची हद्द ज्या छत्तीसगडला लागते, तिथे सरगुजात २०१२ पासून 'फुलवारी' सुरू झाल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, आया आळीपाळीने सांभाळणार, खाण्याचा खर्च पंचायतीमार्फत. कर्नाटकाने २०२३ मध्ये रोजगार हमीवरच्या बायकांसाठी ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' ही पाळणाघरं काढली, ४,००० चं उद्दिष्ट ठेवलं. केंद्राची 'पाळणा' योजना २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायला पैसे देते, देशभरात १७,००० चं उद्दिष्ट आहे.

गावातल्या बायकांना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीत तरी तो प्रश्न विचारू नये. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने इथल्याच ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा ते काम करू लागल्या. अठ्ठावीस दिवसांचं बाळ जगवणं या जिल्ह्याने देशाला शिकवलं. अठ्ठावीस महिन्यांचं सांभाळणं त्याहून अवघड नाही.

फक्त हे काम सध्याच्या सेविकेच्या डोक्यावर टाकू नका. पोषण ट्रॅकर, वजनं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आधीच आहेत. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर होत्या, त्या उगाच नव्हत्या. पाळणाघराला वेगळी बाई हवी, वेगळं आणि वेळेवर मिळणारं मानधन हवं.

आणि पैसा? २०१५ पासून पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. मेंढा-लेखा गावाच्या वाटेने गेलेल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. चंद्रपूरच्या कोळशावर आणि सुरजागडच्या लोहखनिजावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम येते. त्या निधीच्या नियमांतच 'महिला व बालकल्याण' अग्रक्रमाच्या कामांत लिहिलेलं आहे. त्यातून रस्ते आणि सभागृहं होतात, कारण मागणी त्यांचीच जाते.

२ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतींचे पुढल्या वर्षाचे विकास आराखडे तयार होऊ लागतात. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे आणि तिच्याआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. हा अंक गडचिरोली-चंद्रपुरात ज्यांच्या हाती पडेल त्यांनी एवढं करावं. त्या महिला ग्रामसभेत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या पाळणाघराचा विषय लेखी द्यावा, वेळ पहाटेपासून संध्याकाळपर्यंत असं त्यात स्पष्ट लिहावं, आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह मागून घ्यावी.