आवाज येतोय, चित्र कुठाय?

मॅच शेवटच्या ओव्हरला आलेली आणि आमचा टीव्ही काळाठिक्कर. कॉमेंट्री मात्र झकास सुरू! बाबांनी टीव्हीच्या पाठीवर दोन चापट्या मारून बघितल्या. (जुन्या डबा टीव्हीवर हा उपाय चालायचा म्हणे.) दुकानवाल्याने फोनवरच निकाल लावला, ‘पॅनल गेलं, नवाच घ्या.’ आईने लगेच भिशीच्या पैशांचा हिशेब सुरू केला.

दुसऱ्या दिवशी रिपेअरवाले काका आले. त्यांनी खोलीतले दिवे बंद केले, टीव्ही लावला आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरला. त्या उजेडात न्यूज अँकर अंधूक दिसली! ‘पॅनल शाबूत आहे ताई. मागची लाइट गेलीये.’

मी उडालेच. मागची लाइट म्हणजे?

तर गंमत अशी, की आपण ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो असतो एलसीडीच. एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा प्रकाश कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा एवढंच ठरवतो. हा प्रकाश म्हणजे बॅकलाइट. पूर्वी त्यासाठी पारा असलेल्या बारीक ट्यूब असायच्या, नंतर एलईडी आले. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्याच्या संशोधकांना २०१४चं नोबेल मिळालं.

एज-लिट टीव्हीत एलईडी फक्त कडेला असतात. टीव्ही स्लिम दिसतो, पण अंधाऱ्या सीनमध्ये कोपरे उजळलेले दिसू शकतात. डायरेक्ट-लिटमध्ये पूर्ण स्क्रीनमागे पट्ट्या असतात. आमचा हाच. फुल ॲरे लोकल डिमिंगमध्ये या दिव्यांचे झोन पाडलेले असतात. सीनमध्ये रात्र असेल तिथला झोन मंद होतो, म्हणून काळा रंग खरंच काळा वाटतो. मिनी-एलईडी म्हणजे तेच, फक्त दिवे इवलेसे आणि कितीतरी जास्त. क्यूएलईडी नावाने भारी वाटतो, पण बॅकलाइट त्यालाही लागतोच. ओएलईडीला मात्र तो नसतो, तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. त्यामुळे काकांची टॉर्चची ट्रिक तिथे कामाची नाही.

काकांनी पॅनल अलगद उचलून बाजूला ठेवलं. (हे घरी करून बघू नका. पॅनल सहज तडकतं आणि प्लग काढला तरी आतल्या सर्किटमध्ये करंट साठलेला असू शकतो.) पट्टीवरचा एकच एलईडी जळला होता. पण जुन्या दिवाळीच्या माळेसारखं, एक गेला की सगळी लाइन बंद! तरी त्यांनी सगळ्याच पट्ट्या बदलल्या. बाकीच्यांचं वयही तेवढंच, म्हणाले. खर्च दोन हजारांच्या आत. पॅनल खरंच गेलं असतं तर नवा टीव्हीच परवडला असता.

जाताना काकांनी सेटिंग उघडून दाखवलं. बॅकलाइट पहिल्या दिवसापासून १००वर! तो जितका जास्त, तितके एलईडी तापतात आणि लवकर जातात. बाबांनी तो ६०वर आणला. आता ते रोज विचारतात, ‘कुणी वाढवला का गं परत?’