देहूरोडचा एक प्रश्न आणि ग्रंथालयाचे कपाट

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल आकुर्डी सोडून देहूरोडला थांबते. उतरणाऱ्यांपैकी काही जण पुढे तुकोबांच्या देहूकडे जातात, काही लष्करी कोठारांतील कामावर, तर काही जवळच्याच बुद्धविहाराकडे. लष्करी कोठारांभोवती वाढलेल्या आणि १९५८ पासून कटक मंडळाच्या कारभाराखाली आलेल्या या लहानशा गावात महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग घडला आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथील विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता.

त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. बौद्ध धर्माची तत्त्वे सामान्य माणसाला कळतील अशा सोप्या भाषेत समजावून देणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, ही पहिली. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे आणि आपण त्याविषयी लिहिणार आहोत, ही दुसरी. तुकोबांच्या गावापासून अवघ्या काही किलोमीटरांवर उच्चारलेले हे दुसरे विधान ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देणारे नव्हते. आजही ते प्रथमच कानावर आल्यावर कोणीही विचारील, यात तथ्य किती? पुढे यावर कोणी काय लिहिले?

या प्रश्नाचे उत्तर सभेतून किंवा वादविवादातून सापडणे कठीण. ते शोधण्याची हक्काची जागा म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय, आणि त्यातही कथा-कादंबऱ्यांच्या पलीकडचे ललितेतर ग्रंथांचे कपाट. चरित्रे, इतिहास, धर्म, समाजशास्त्र, प्रवास असे विषय या कपाटात असतात. ते कसे वापरावे, त्यातून घरी काय नेता येते आणि काय येत नाही, हे देहूरोडच्या या एकाच प्रश्नाच्या आधारे पाहू.

एका प्रश्नामागचे ग्रंथ

सुरुवात चरित्रापासून करावी. धनंजय कीर यांचे आंबेडकरांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. मराठी चरित्र १९६६ मध्ये आले. येथेच पहिला धडा मिळतो. ग्रंथालयात इंग्रजी चरित्राची पहिली आवृत्ती हाती आली, तर डिसेंबर १९५४ चा प्रसंग तिच्यात सापडणार नाही. अखेरच्या वर्षांची हकीकत पुढील आवृत्त्यांत आली. ललितेतर पुस्तक घेताना नाव आणि लेखक पाहून भागत नाही. मुखपृष्ठामागचे पान उलटून आवृत्ती व वर्ष पाहण्याची सवय लावून घ्यावी. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र तर अनेक खंडांचे आहे. त्याचा पहिला खंड १९५२ मधला. तेथे कोणता खंड कोणत्या काळाचा, हे आधी पाहावे लागते.

चरित्रकार प्रसंग सांगतो. प्रत्यक्ष शब्दांसाठी मूळ साधनाकडे जावे लागते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी या मालेच्या संपादनाचा पाया घातला. मालेचा अठरावा खंड मराठी लेख व भाषणांचा असून तो तीन भागांत आहे. त्याचा तिसरा भाग १९४६ ते १९५६ या काळाचा. देहूरोडच्या भाषणाचा शोध तेथून सुरू करावा. भाषणात ज्याचा उल्लेख झाला, तो बुद्ध धर्मावरील ग्रंथ बाबासाहेबांनी १९५६ मध्ये पूर्ण केला आणि त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, तो प्रकाशित झाला. मालेत तो अकरावा खंड आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या नावाने तो मराठीतही उपलब्ध आहे. पंढरपूरविषयीचा स्वतंत्र ग्रंथ मात्र त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेला नाही.

मग तो प्रश्न तसाच राहिला का? तसे झाले नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ मध्ये आला आणि १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठल हा मुळात धनगर-गवळ्यांचा लोकदेव, पुढे त्याचे वैष्णव रूप सिद्ध झाले, अशी मांडणी ढेरे करतात. ती करताना विठ्ठलाला बुद्ध मानणाऱ्या परंपरेचाही ते सविस्तर परामर्श घेतात. संतांच्या वाणीत विठ्ठलाला बुद्धावतार म्हटल्याचे दाखले आहेत, हे तेथे कळते. मूर्तीचे मूळ आणि भक्तांची धारणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही ध्यानात येते. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुकोबांच्या बाजूने पाहायचे असेल, तर डॉ. सदानंद मोरे यांचे 'तुकाराम दर्शन' आहे. ते १९९६ मधले. लेखक देहूचे आणि तुकोबांच्या वंशातले. ग्रंथ मात्र चरित्राच्या मर्यादेत न राहता तुकोबांच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचा धांडोळा घेतो. वारीचा प्रत्यक्ष अनुभव हवा असल्यास दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' घ्यावे. १९६४ मधल्या या पुस्तकात एक चिकित्सक लेखक आळंदीच्या पालखीबरोबर चालतो आणि पाहिलेले मांडतो.

या ग्रंथांचे एकमेकांशी सर्वस्वी जमते असे नाही. ललितेतर वाचनाचा लाभ नेमका त्यात आहे. एकच पुस्तक वाचणाऱ्याला मत मिळते. चार पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते मत पारखण्याचे साधन मिळते.

कपाटांची भाषा

हे ग्रंथ ग्रंथालयात सहसा एका ठिकाणी सापडत नाहीत. अनेक ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. तीत सर्व ज्ञानाची ००० ते ९९९ अशी वाटणी केलेली असते. सामाजिक शास्त्रे ३०० च्या घरात, चरित्रे ९२० मध्ये, भारताचा इतिहास ९५४ मध्ये. बौद्ध धर्म २९४.३ आणि हिंदू धर्म २९४.५. म्हणजे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' व ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल' हे दोन ग्रंथ एकाच फळीवर, फार तर हातभर अंतरावर असतील. त्याच लेखकाचे चरित्र मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

ज्या ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत आहे, तेथे वाचक स्वतः कपाटांपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी हव्या त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तके अवश्य पाहावीत. जेथे पुस्तके बंद कपाटात असतात आणि देवघेव खिडकीवरून मागवावी लागतात, तेथे ग्रंथपालाला पुस्तकाच्या नावाऐवजी प्रश्न सांगावा. "विठ्ठलावरचे एखादे पुस्तक द्या" असे म्हटले तर स्तोत्रसंग्रह हाती येण्याचा संभव. "विठ्ठल दैवताच्या इतिहासावर काय आहे?" असे विचारले तर शोधाला दिशा मिळते.

घरी काय नेता येते?

आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत अनामत रक्कम आणि मासिक वा वार्षिक वर्गणी भरून सभासद होता येते. देवघेव विभागातील पुस्तके ठरावीक मुदतीसाठी घरी मिळतात. संदर्भ विभागातील ग्रंथ तेथेच बसून वाचायचे असतात. कोश, गॅझेटिअर आणि मोठ्या मालेचे खंड सहसा याच विभागात मोडतात. त्यामुळे 'पालखी' घरी नेता येईल, पण आंबेडकरांच्या मालेचा खंड नेता येईलच असे नाही. नियम ग्रंथालयागणिक बदलतो, म्हणून सभासद होतानाच विचारून घ्यावे. देहूरोडच्या वाचकाला स्थानिक वाचनालयाखेरीज पिंपरी-चिंचवड महापालिकेची ग्रंथालये, पुण्यातील शासकीय विभागीय ग्रंथालय आणि १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर लोकलच्या अंतरावर आहेत.

ग्रंथालयातील प्रत किती मोलाची असते, हे याच मालेच्या बाबतीत दिसून आले. २०२१ मध्ये आंबेडकरांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मागणी असूनही पुस्तक दुकानात मिळत नाही, अशा काळात कपाटातली जुनी प्रतच वाचकाच्या उपयोगी पडते. कायद्यानेही याची जाण ठेवली आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात, अशी सवलत कॉपीराइट कायद्यात आहे.

माहितीपटांची रिकामी फळी

पुस्तकांच्या मानाने माहितीपटांची स्थिती कष्टी करणारी आहे. वास्तविक या प्रांताशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सावेदादा ऊर्फ ह. स. भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ मध्ये मुंबईत झाली आणि तिचे अनुबोधपट कित्येक वर्षे चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. त्याचा वितरण विभाग फिल्म सोसायट्यांना चित्रपटांच्या प्रती देत असे. २०२२ मध्ये या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या.

देहूरोडच्या प्रश्नाला पूरक असे माहितीपटही आहेत. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह पंढरीच्या वारीवर माहितीपट केला. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. तो २०११ चा. १९९७ मधील रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारापासून तो सुरू होतो आणि आंबेडकरी शाहिरांच्या गाण्यांतून पुढे सरकतो. भाषणातला शब्द पुढच्या पिढ्यांच्या ओठांवर कसा रुळला, हे पुस्तकापेक्षा त्या गाण्यांतून अधिक चांगले कळते.

परंतु सभासदाने हे माहितीपट सार्वजनिक ग्रंथालयात मागितले, तर ते मिळण्याची शक्यता फार थोडी. याला कायद्याची अडचण आहे, असा समज आढळतो. तो खरा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात 'व्यापारी भाडेव्यवहारा'ची व्याख्या करण्यात आली. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याच्या हेतूविना उसनी देणे हा त्यात व्यापार मानलेला नाही. म्हणजे माहितीपटाची अधिकृत तबकडी विकत घेऊन ती पुस्तकाप्रमाणे सभासदाला घरी देण्यास ग्रंथालयाला मोकळीक आहे. जाहीर खेळ करायचा असेल, तर मात्र हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. दुर्दैवाने ही मोकळीक मिळाली त्या सुमारास तबकड्यांचा जमानाच ओसरू लागला होता. आज अनेक माहितीपट इंटरनेटवर पाहता येतात. पण तेथे आलेली गोष्ट तेथे राहीलच याची खात्री नसते. फळीवरची प्रत ठावठिकाणा सांगून असते.

मागणीची नोंद

मग ग्रंथालये हे सारे का घेत नाहीत? उत्तर बव्हंशी पैशात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. या व्यवस्थेत बहुतांश ग्रंथालये स्वयंसेवी संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार अनुदान देते. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. त्या वाढीनंतरही 'ड' दर्जाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ४८ हजार रुपये, म्हणजे महिन्याला चार हजार झाले. त्यात कर्मचाऱ्याचे मानधन, वृत्तपत्रे, वीज आणि पुस्तके हे सगळे बसवायचे. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून ग्रंथभेटीच्या रूपाने काही साहाय्य मिळते. तरीही हात आखडूनच खरेदी करावी लागते.

अशा वेळी ग्रंथपाल देवघेवीची नोंद पाहतो. जे पुस्तक वारंवार बाहेर जाते, तशी पुस्तके घेतली जातात. कादंबरी फिरत राहते, जाडजूड ललितेतर ग्रंथ फळीवर बसून राहतो, आणि पुढच्या खरेदीत त्याच्या भावंडांना जागा मिळत नाही. 'श्रीविठ्ठल'सारखा ग्रंथ एखाद्या वाचनालयात वर्षानुवर्षे कोणी मागितलाच नाही, तर त्या ग्रंथपालाला दोष कसा द्यावा?

यावरचा उपाय सभासदाच्या हातात आहे. ललितेतर पुस्तक ग्रंथालयात बसून चाळले, तरी ते एकदा आपल्या नावावर घरी न्यावे, म्हणजे नोंद होते. नसलेल्या पुस्तकाची किंवा माहितीपटाची मागणी लेखी द्यावी, आणि तीत लेखक, प्रकाशक व आवृत्ती लिहावी. एकाच विषयात रस असलेल्या चार-पाच सभासदांनी मिळून मागणी केली, तर ती कार्यकारी मंडळापुढे अधिक वजनाने जाते.

१९५४ च्या डिसेंबरमध्ये देहूरोडला जमलेल्या लोकांपुढे बाबासाहेबांनी पुस्तकाचे आश्वासन ठेवले होते. सामान्य माणसाला कळेल असे पुस्तक. ते आश्वासन त्यांनी प्रकृती साथ देत नसतानाही पुरे केले. ते पुस्तक आणि त्याच्या आगेमागे उभे राहिलेले इतर ग्रंथ या सामान्य माणसाला त्याच्याच गावच्या वाचनालयात मिळावेत, एवढे आता आपल्याकडे उरले आहे. त्याची सुरुवात देवघेवीच्या खिडकीवर दिलेल्या एका चिठ्ठीने होते.