कोलिओनीचा घोडा आणि व्हेनिसची चलाखी

आज व्हेनिसमध्ये घोडा औषधालाही सापडत नाही. माणसं असोत की माल, सगळी ने-आण होडीतून. आणि पुलांना पायऱ्या. तरीही युरोपातल्या शिल्पकलेचा एक अव्वल घोडा याच शहरात, सांती जोव्हान्नी ए पाओलो या चर्चलगतच्या चौकात, उंच चौथऱ्यावर उभा आहे. त्याच्यावर स्वार झालेला बार्तोलोमेओ कोलिओनी हा सेनापती बेर्गामो भागातला. त्याच्या पुतळ्याची गोष्ट सुरू होते ती एका मृत्युपत्रापासून.

पंधराव्या शतकात इटलीतली नगरराज्यं करार करून भाडोत्री सेनापती नेमत. पगार ठरायचा, मुदत ठरायची आणि मुदत संपली की सेनापती दुसऱ्या राज्याशी बोलणी करायला मोकळा. कोलिओनी कधी व्हेनिससाठी लढला, तर कधी व्हेनिसच्या वैरी मिलानसाठी. पुढे १४५५ मध्ये तो व्हेनिसचा सरसेनापती झाला. १४७५ मध्ये मालपागाच्या आपल्या किल्ल्यात तो वारला, तेव्हा गाठीला प्रचंड संपत्ती होती. त्यातला मोठा वाटा त्याने व्हेनिसच्या नावे केला. अट एकच: सान मार्कोसमोर आपला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभारावा.

पैसा हवा होता, अट अडचणीची होती. सान मार्को हा शहराचा मानाचा चौक, आणि तिथे एका माणसाचं स्मारक उभारणं या प्रजासत्ताकाच्या रीतीत बसत नव्हतं. मग कारभाऱ्यांनी शब्दांतून पळवाट काढली. शहरात ‘स्कुओला ग्रांदे दी सान मार्को’ नावाची एका धार्मिक मंडळाची इमारत होती. पुतळा तिच्यासमोर उभारायचं ठरलं. अटीतलं ‘सान मार्को’ पाळलं गेलं, पैसाही पदरात पडला. बिचाऱ्या कोलिओनीने आयुष्यभर करार वाचले. हा एक मात्र वाचायला तो उरला नव्हता.

कामासाठी स्पर्धा झाली आणि ती फ्लोरेन्सच्या आंद्रेआ देल वेर्रोक्क्योने जिंकली. हा मुळात सोनारकाम शिकलेला. लिओनार्दो दा विंची याच्याच कार्यशाळेत तयार झाला. नंतरच्या काळातला चरित्रकार वासारी एक किस्सा सांगतो. घोडा वेर्रोक्क्योने करावा आणि स्वार दुसऱ्याने, असा घाट घातला गेला. वेर्रोक्क्योने संतापून मातीच्या घोड्याचं डोकं आणि पाय फोडले आणि तो फ्लोरेन्सला निघून गेला. परत आलास तर मुंडकं उडवू, असा सरकारी निरोप गेला. त्यावर त्याचं उत्तर असं की, माणसाचं उडवलेलं डोकं तुम्हाला परत बसवता येणार नाही, घोड्याचं मला येईल. वासारी गोष्टी रंगवून सांगतो, त्यामुळे किस्सा चिमूटभर मिठासह घ्यावा.

एवढं पक्कं की १४८८ मध्ये वेर्रोक्क्यो वारला, तेव्हा मातीचा नमुना तयार होता आणि ओतकाम बाकी होतं. काम आपल्या शिष्याने, लोरेन्झो दी क्रेदीने, पुरं करावं अशी त्याची इच्छा होती. व्हेनिसने ते दिलं आलेस्सांद्रो लेओपार्दीला. हा गृहस्थ फसवणुकीच्या आरोपावरून शहराबाहेर गेलेला होता. त्याला या कामासाठी परत बोलावलं. १४९६ मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा घोड्याच्या पोटाखालच्या तंगावर नाव होतं ते लेओपार्दीचं.

कारागिरीची खरी कसोटी होती घोड्याचा पुढचा डावा पाय. दोनातेल्लोने पादुआत गात्तामेलाता या सेनापतीचा पुतळा आधी केला होता. त्यात घोड्याने पुढचं एक खूर गोळ्यावर टेकवलंय. वेर्रोक्क्योने तो टेकू काढून टाकला. उरलेल्या तीन पायांवर घोड्याचा आणि स्वाराचा सगळा भार! असा घोडा ओतायचा तर धातूची जाडी आणि वजनाचा तोल दोन्ही नेमके साधावे लागतात. उचललेल्या पायावरून स्वाराच्या मृत्यूचं कारण ओळखता येतं, एक पाय वर असला तर तो लढाईतल्या जखमेने गेला, असं आपल्याकडेही ठामपणे सांगितलं जातं. कोलिओनी सत्तरी ओलांडून आपल्याच किल्ल्यात गेला. पाय वर आहे तो शिल्पकाराच्या हिमतीमुळे.

स्वारही सुखाने बसलेला नाही. पाय ताठ, रिकिबीत रोवलेले. खांदा पुढे वळलेला. भुवया आवळलेल्या आणि बुबुळं इतकी खोल कोरलेली की खालून पाहणाऱ्याला नजर टोचते. हा चेहरा कोलिओनीचा हुबेहूब असण्याचं कारण नाही. तयार झाला तो सेनापतीच्या दराऱ्याचा चेहरा, आणि मला तरी तोच जास्त खरा वाटतो.

या घोड्याच्या प्रतिकृतीही दूरवर गेल्या. जर्मनांनी १९१३ मध्ये श्टेटीन शहरात एक उभारली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर पोलंडचं श्चेचिन झालं, पुतळा वॉर्साला गेला आणि २००२ मध्ये श्चेचिनला परतला. इकडे व्हेनिसमध्ये लेओपार्दीचं बस्तान तर केव्हाच बसलं होतं: १५०५ मध्ये सान मार्को चौकातल्या ध्वजस्तंभांची ब्राँझची बैठक त्याच्या हातून घडली. कोलिओनीला जिथे जागा नाकारली, त्याच चौकात ती आजही आहे.