मुरबाड-शहापूरचा वारा आणि घरची पवनचक्की

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे राहणाऱ्या, परंतु मुरबाड, शहापूर किंवा अंबरनाथ तालुक्यात वडिलोपार्जित जमीन अथवा फार्महाउस असणाऱ्या कुटुंबांना पावसाळ्यात वीज खंडित होण्याचा अनुभव असल्यामुळे, अंगणात पवनचक्की बसवून स्वतःची वीज तयार करण्याची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. ही कल्पना तडीस जाईल की नाही, हे यंत्राच्या किमतीवर किंवा कंपनीच्या नावावर फारसे ठरत नाही. ते ठरते त्या विशिष्ट जागी, पाती फिरणार त्या उंचीवर, वर्षभर वाहणाऱ्या वाऱ्याच्या सरासरी वेगावर.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. सेकंदाला 3 मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला जेमतेम 16 वॅट शक्ती असते, तर 6 मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे 130 वॅट. कोणतेही यंत्र यातील 59 टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊ शकत नाही, ही निसर्गाने घातलेली मर्यादा असून ती आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. लहान घरगुती यंत्रे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतात. त्यामुळे अडीच मीटर व्यासाचे चक्र सरासरी 3 मीटर वेगाच्या जागी ढोबळ हिशेबाने महिन्याला वीस-पंचवीस युनिट देईल, आणि तेच चक्र 5 मीटरच्या जागी शंभराच्या पुढे जाईल. विक्रेत्याच्या पत्रकावर छापलेली ‘1 किलोवॅट’ ही क्षमता बहुधा 10 ते 12 मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असते, आणि तसा वारा या भागात पावसाळी झोतांपलीकडे क्वचितच मिळतो.

महाराष्ट्रात वारा नाही, असे मुळीच नाही. देशातील पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक 1986 साली सिंधुदुर्गातील देवगड येथे, समुद्राकडे तोंड असलेल्या सड्यावर उभा राहिला. पुढे साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध झाली. या जागांना एकतर खुला समुद्र लाभलेला आहे किंवा सह्याद्रीचा उघडा माथा. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ठाणे जिल्ह्याकडे मुख्यतः खाड्या आहेत, खुला किनारा अगदी थोडा. आणि मुरबाड-शहापूरची बहुतेक गावे सह्याद्रीच्या माथ्यावर नसून पायथ्याशी आहेत, जिथे समोरच्या कड्यामुळे येणारा वारा मंदावतो. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे आत येता येता क्षीण होतात, रात्रीचे मतलई वारे मुळातच मंद असतात, आणि थंडीतील पहाटे तर धुके शेतावर हलतही नाही. जोराचा वारा खऱ्या अर्थाने जून ते ऑगस्ट या काळातच, नैर्ऋत्य मोसमी प्रवाहाबरोबर येतो. माळशेजच्या बाजूचे कडे किंवा एखादे उघडे टेकाड यांना अपवाद मानता येईल, पण अशा जागा पुष्कळदा वनखात्याच्या असतात, खासगी मालकीच्या नव्हेत.

यानंतरचा प्रश्न अडथळ्यांचा आहे, आणि बहुतेक घरगुती पवनचक्क्यांचे अपयश इथेच दडलेले असते. घर, आंब्याचे झाड किंवा बांबूचे बेट यांच्यावर आदळलेला वारा फाटतो व भोवऱ्यांसारखा वाहू लागतो. अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वर आणि सुमारे वीसपट अंतरापर्यंत मागे हा गढूळ वारा टिकतो. म्हणजे 10 मीटर उंचीच्या जांभळामागे 200 मीटरपर्यंत चांगला वारा मिळण्याची खात्री नसते. अशा वाऱ्यात पाती सतत दिशा बदलतात, वीज कमी निर्माण होते आणि बेअरिंग लवकर झिजतात. म्हणूनच पात्याचे खालचे टोक 500 फुटांच्या परिसरातील सर्वांत उंच वस्तूपेक्षा किमान 30 फूट वर असावे, असा संकेत रूढ आहे. घराच्या गच्चीवर नळीच्या खांबावर बसवलेली पवनचक्की या संकेताच्या विरुद्ध असते, शिवाय तिची थरथर भिंतींत उतरते. गच्चीवरील पवनचक्कीचा सल्ला देणाऱ्यापासून ग्राहकाने सावध राहिलेलेच बरे.

चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाचे वाऱ्याचे नकाशे तयार केले आहेत, परंतु ते प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांसाठी, 100 मीटर किंवा त्यासारख्या उंचीसाठी असतात. जमिनीलगत वारा मंदावत असल्यामुळे 100 मीटरवर 6 मीटर असलेला वेग 15 मीटर उंचीवर मोकळ्या माळावरही साडेचारच्या आसपास येतो आणि शक्ती निम्म्याहून कमी होते. झाडीत ही घट अधिक असते. खरे उत्तर हवे असल्यास नियोजित उंचीच्या खांबावर वेगमापक लावून वर्षभर नोंदी ठेवणे आवश्यक आहे, कारण केवळ पावसाळ्यात केलेली मोजणी हमखास फसवते. त्यापूर्वीची प्राथमिक चाचणी डोळ्यांनीही होते: पाने नुसती सळसळत असतील तर वेग 3 मीटरच्या आसपास, पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असून हलके निशाण पसरत असेल तर साडेतीन ते साडेपाच, आणि धूळ व कागद उडू लागले तर त्याहून अधिक. वर्षातील बहुतेक दिवस पहिल्याच प्रकारचे असतील, तर वेगमापकाचा खर्चही करू नये.

अशा जागी सौर पॅनेल निःसंशय सरस ठरतात. 1 किलोवॅटचे पॅनेल महिन्याला सरासरी 110 ते 120 युनिट देतात, त्यांना फिरणारे भाग नसतात, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती सौरसंचाला 3 किलोवॅट व त्यापुढे 78,000 रुपयांचे अनुदान ठरवले गेले, जे पवनचक्कीला लागू नाही. पवनचक्कीच्या बाजूने एकच भक्कम मुद्दा उरतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही: जुलैच्या ढगाळ आठवड्यांत पॅनेल मंदावतात तेव्हाच वारा चढतो. त्यामुळे उघड्या टेकाडावर ज्यांची जागा आहे आणि झाड तारेवर पडून ज्यांची वीज तासन् तास जाते, त्यांनी मुख्य भार सूर्यावर ठेवून, बॅटरीसह एक लहान पवनचक्की जोडीला घेणे योग्य ठरू शकते.

मनोऱ्याचा विचार मात्र जागेच्या मापापासून करावा लागतो. वळवाच्या वावटळी, विजा आणि 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’सारखी वादळे लक्षात घेता तडितरोधक, भक्कम पाया आणि दुरुस्तीसाठी मनोरा आडवा करण्याची सोय या गोष्टी अनिवार्य आहेत. 10 मीटरच्या झाडांमध्ये वरील संकेत पाळायचा तर मनोरा सुमारे 20 मीटर, म्हणजे 65 फुटांचा होतो. फार्महाउस योजनांमध्ये विकले जाणारे 5 गुंठ्यांचे प्लॉट चौरस मानले तरी एका बाजूला सुमारे 74 फूट भरतात, म्हणजे बरोबर मध्यभागी उभारलेला मनोराही आडवा करताना शेजाऱ्याच्या कुंपणावर जाईल. तो सर्व बाजूंनी आपल्याच हद्दीत राहण्यासाठी साधारण 20 गुंठे, म्हणजे अर्धा एकर सलग चौरस जागा लागते.