औषधाचे नाव आणि औषधातील घटक

बिलोलीसारख्या सीमेवरील तालुक्यात एकाच रुग्णाजवळ महाराष्ट्रातील आणि शेजारच्या तेलंगणातील डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असू शकतात. औषधांची व्यापारी नावे निराळी असली तरी घटक एकच असण्याचा संभव असतो. तापावरील पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. दोन नावांखाली तेच औषध घेतल्यास मर्यादेबाहेर मात्रा पोटात जाऊन यकृतास गंभीर इजा होऊ शकते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. अमेरिकेत त्यास मान्यताच नाही. म्हणून वेष्टनावरील घटकाचे नाव व मात्रा वाचावी. लाल रेषा असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत अवश्य द्यावी.