स्क्रीनवर ‘परवानगी नाही’ आलं तर

ताईंनो, तुरीच्या हंगामात डाळ मिलच्या सॉर्टेक्सवर ‘लायसन्स संपलं’ असं आलं, तर आधी स्क्रीनवरची तारीख बघा. आपल्याकडे लाइट सारखी जाते. आतला बटणासारखा सेल संपला असेल तर घड्याळ जुन्या वर्षात जातं आणि चालू लायसन्सही मशीन मानत नाही. मेन बंद करून सेल बदलून घ्या, तारीख लावा. कॉम्प्युटर जोडलेला असेल तर पेनड्राइव्हसारखी लायसन्सची चावी जागेवर आहे का बघा. झाडपुशीत ती निघते. कॉम्प्युटर फॉरमॅट मात्र करू देऊ नका, त्यासोबत लायसन्सही पुसलं जाऊ शकतं.

‘परवानगी नाही’ हे वेगळं. लायसन्स ठीक असतं, पण तुम्ही चालकाच्या पासवर्डने आत गेलेल्या असता आणि सेटिंग मुख्य पासवर्डनेच बदलतं. ते बरंच आहे, नाहीतर कुणीही हात घालील. पण मुख्य पासवर्ड विक्रेत्याकडेच राहिला, तर मशीन आपलं, कर्ज आपलं आणि चावी त्याची! काही विक्रेते हप्ते फिटेपर्यंत मुदतीचं कुलूपही घालतात. किल्लारी भागातल्या ज्या गटांना मशीन घ्यायचंय, त्यांनी पासवर्ड, लायसन्सचा कागद आणि प्रोग्रामची कॉपी कधी मिळणार हे कोटेशनवरच लिहून घ्यावं. मिळालेला पासवर्ड बंद पाकिटात सचिवताईंकडे ठेवा, ठराव वहीत नोंद करा.